पूरग्रस्त शहरात आले की पुढाऱ्यांनी बोलायचं कसं? कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

जुलै लागला आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पेपरात रोज यायला लागली, की माझ्या फोनवर ठरलेले प्रश्न सुरू होतात. विचारणारे नगरसेवक, तालमीचे अध्यक्ष, मुख्याध्यापक, वॉर्ड ऑफिसातली माणसं. मला विचारायचं कारण एवढंच की २०१९ ला आणि २०२१ ला एका शाळेतल्या निवारा केंद्रात फळ्यावर सूचना लिहायचं आणि त्या माइकवर वाचायचं काम माझ्याकडं होतं. दोन पुरांत माझी बोलणी खाऊन झाली आहेत, त्यातून जे कळलं ते इथं आहे. एक उत्तर दुसऱ्यात शिरत असेल तिथं प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघा.

१. सोय करताना अडचणी येतायत हे जाहीर कशाला सांगायचं? लोक घाबरणार नाहीत का?

लोकांना अडचण तुमच्याआधी कळलेली असते. संडासाच्या रांगेत ते उभे असतात, तुम्ही नसता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये 'सर्व व्यवस्था सुरळीत आहे' हे वाक्य माइकवरून मीच वाचलंय, हातात आलेल्या कागदावरून. पहिल्या ओळीतल्या एका मावशींनी तिथल्या तिथं विचारलं, "सुरळीत हाय म्हणं, मग सकाळधरनं तांब्याभर पाणी का न्हाई?" हॉल हसला. त्यानंतर दोन दिवस मी काय वाचतोय याकडं कुणाचं लक्ष नव्हतं, अगदी औषधांची वेळ सांगितली तरी.

माणूस घाबरतो ते अडचण ऐकून नाही. अडचण दिसतेय आणि साहेब तिचं नावही काढत नाहीत, म्हणजे आणखी काहीतरी लपवतायत, असं त्याला वाटतं तेव्हा तो घाबरतो.

२. मग सांगायचं तरी काय? काही साचा आहे का?

चार गोष्टी: काय कमी आहे, किती कमी आहे, कोण काय करतंय, आणि पुढची खबर किती वाजता. आमच्या फळ्यावर शेवटी शेवटी असं लिहिलं जायचं:

"आपण २४० जण आहोत. संडास चार चालू, लागतात आठ. चार फिरते संडास संध्याकाळी सहापर्यंत येतील असं आरोग्य विभागानं कळवलंय. तोवर डावीकडचे दोन फक्त बायकांसाठी. आले, नाही आले, सहा वाजता इथंच सांगतो."

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि पुढारी नेमकं तेच गाळतात. सहाला सांगतो म्हटलं की सहाला यायचं, हातात काही नसलं तरी. "अजून आले नाहीत, गाडी अडकलीय, आठला परत सांगतो" एवढं ऐकूनही माणूस शांत बसतो.

३. आलेल्या लोकांना म्हणायचं काय? पूरग्रस्त, स्थलांतरित की निर्वासित?

कागदावर 'पूरग्रस्त' किंवा 'स्थलांतरित कुटुंबं' चालतं. माइकवर गल्लीचं, गावाचं नाव घ्या: "सुतारवाड्यातली मंडळी", "आंबेवाडीकर". 'निर्वासित' नको. घर आहे, फक्त पाण्यात आहे. चार-आठ दिवसांनी माणूस परत तिथंच जाणार आहे.

या शहराला निर्वासित हा शब्द नवा नाही, हे खरं. दुसऱ्या महायुद्धात शहराजवळ वळिवड्याला पोलंडच्या सुमारे पाच हजार लोकांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८. ते गेले आणि त्याच जागेवर फाळणीनंतर सिंधी बांधव आले. आजचं गांधीनगर ते हेच. २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्साला गेले तेव्हा तिथल्या कोल्हापूर स्मारकापुढं नतमस्तक झाले. पाच वर्षं परक्या देशातल्या माणसांना ठेवून घेतलेलं गाव आहे हे. भाषणात अभिमानानं सांगायचं तर हे सांगा. पण नदीकाठच्या चिखलीच्या माणसाला त्या रांगेत बसवू नका.

४. 'शहरावर ताण पडतोय' असं म्हणणं चुकीचं आहे का? खरंच पडतो की.

पडतो. पण वाक्य कसं बांधता त्यावर सगळं आहे. "स्थलांतरितांमुळं शहरावर ताण" म्हटलं की हॉलमध्ये बसलेला माणूस स्वतःकडं ओझं म्हणून बघतो आणि बाहेरचाही त्याच्याकडं तसंच बघायला लागतो. "संडास कमी पडतायत" म्हटलं की दोघंही संडासाकडं बघतात. कमी काय पडतंय त्याचं नाव घ्या: संडास, टँकर, वर्गखोल्या, रात्रपाळीची माणसं. माणसांची संख्या सांगायला हरकत नाही, पण ती गरज मोजायला, गर्दी दाखवायला नव्हे.

आकड्यांना आधार हवा असेल तर तो आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या किमान निकषांत माणशी ३.५ चौरस मीटर जागा, ३० माणसांमागं एक संडास, दिवसाला माणशी तीन लिटर पिण्याचं पाणी आणि संडास-अंघोळीला किमान १५ लिटर, असं धरलंय. आता हे आपल्या शाळेला लावा. २० बाय २५ फुटांची वर्गखोली म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर, निकषानं १३ माणसं. आपण ३० झोपवतो, आणि वर बाकं कोपऱ्यात रचून ठेवलेली असतात. हा फरक पुढाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगावा. "नियमानं १३ हवीत, आज ३० आहेत, उद्या शेजारचं मंगल कार्यालय उघडतोय" असं. दुसऱ्या कुणी मोजून पेपरात दिलं, तर तेच आकडे आरोप म्हणून येतात.

५. बोलायचं कुणी? महापौर, आयुक्त, जिल्हाधिकारी, पालकमंत्री... सगळेच बोलतात.

ज्याच्या हातात जी गोष्ट आहे त्यानं तेवढंच बोलावं. नदी आणि धरणाचा विसर्ग पाटबंधारे विभाग सांगणार. गाव हलवायचा निर्णय जिल्हा प्रशासनाचा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. शहरातली केंद्रं, पाणी, सफाई महापालिकेकडं. महापौर आणि नगरसेवकांचं काम यापेक्षा वेगळं, आणि माझ्या मते जास्त अवघड: वॉर्डातल्या घरमालकाला, शाळेच्या पालकाला, तालमीच्या पोरांना 'आपल्याकडं माणसं येतायत' हे समजावून सांगणं. ते प्रेसनोटनं होत नाही.

२०२१ ला सभागृहाची मुदत संपून आठ महिने झाले होते, प्रशासक होते, नगरसेवकच नव्हते. माजी नगरसेवक फिरले, नाही असं नाही, पण 'अधिकृत कोण' हा घोळ गल्लीगल्लीत झाला. २०२५ च्या दुरुस्तीनं महापालिका असलेल्या शहरांना स्वतंत्र नागरी आपत्ती प्राधिकरणाची तरतूद आली आहे, अध्यक्ष आयुक्त. कागदावर कुणीही असो, पाऊस लागायच्या आधी एका बैठकीत ठरवून घ्या की पाण्याबद्दल कोण, केंद्रांबद्दल कोण, पैशाबद्दल कोण. पैशाचं प्रश्न १५ मध्ये.

६. पाण्याची पातळी कशी सांगावी? फूट-इंच लोकांना कळतात का?

कोल्हापुरात कळतात. इथं पानाच्या टपरीवरचा माणूससुद्धा राजाराम बंधारा ३९ फुटांवर इशारा आणि ४३ वर धोका हे सांगतो. म्हाताऱ्या माणसांचं स्वतःचं मोजमाप वेगळंच, शिवाजी पुलाला मच्छिंद्री झाली का नाही, म्हणजे पाणी पुलाच्या जुन्या ठरलेल्या खुणेला लागलं का नाही. पण नुसत्या फूट-इंचात 'माझ्या घराचं काय' याचं उत्तर नसतं. म्हणून आकड्याला गल्ली जोडा. तुमच्या वॉर्डात किती फुटांना कुठल्या दारात पाणी येतं हे जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. आता पावसाळ्याआधीच ते लिहून घ्या आणि घोषणा तशी करा: "आत्ता ४२, आपल्या गल्लीच्या तोंडाला ४४ ला पाणी येतं, वाढ तासाला दोन इंच." सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरी कुंभार गल्ली, बापट कॅम्प इथल्या लोकांना असं सांगितलं की हिशोब ते स्वतःच करतात.

जुना अनुभवही दगा देतो. २०१९ ला पाणी ५५ फुटांवर गेलं. त्याआधी २००५ ची खूण धरून बसलेले कितीतरी लोक "आमच्यात येत न्हाई" म्हणत अडकले. २०२१ ला ५६ च्या वर गेलं, तेव्हा २०१९ ची खूण धरणारे अडकले.

राधानगरी धरणाबद्दल एक. तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात. 'दरवाजे उघडले' आणि 'पाणी सोडलं' यात गावाला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो. दुसऱ्या वाक्यात कुणीतरी मुद्दाम केलं असं ऐकू येतं. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर. दहा हजारी टँकर धरला तर सेकंदाला चार. असं सांगितलं की समजतं.

७. आधी पत्रकारांना सांगायचं की केंद्रातल्या लोकांना?

केंद्रातल्या लोकांना. निदान अर्धा तास आधी. आमच्याकडं एकदा 'उद्या दुसऱ्या शाळेत हलवणार' ही बातमी लोकांनी मोबाईलवर वाचली, आणि मी फळ्याजवळ खडू घेऊन उभा, मलाच माहीत नाही. रात्री अकराला बायकांनी बोचकी बांधली. एक आज्जी सकाळपर्यंत बोचक्यावर बसून राहिल्या, झोपल्याच नाहीत; हलवायचं तर दोन दिवसांनी होतं.

फळा हा फार चांगला प्रकार आहे, एवढं मी म्हणेन. फोनची चार्जिंग संपते, माइकचा आवाज घुमतो, फळ्यावरचं राहतं. कोपऱ्यात 'हे लिहिलं: सकाळी ९.१०' अशी वेळ टाका. जुनं पुसल्याशिवाय नवं लिहू नका. बायकांच्या गरजांचं, म्हणजे पॅड कुठं मिळतील, अंघोळीची वेळ, रात्री संडासाकडं दिवा आणि सोबत, हे माइकवर पुरुषाच्या आवाजात नको. एखाद्या आशाताई किंवा अंगणवाडी ताई वर्गावर्गात जाऊन सांगतील.

८. गावातली माणसं हलायलाच तयार नसतात. त्यांना घाबरवावं का?

घाबरवून एकदा हलतात, पुढच्या वेळी नाही. न हलण्याचं कारण विचारा. चिखली-आंबेवाडीत, शिरोळकडं, नव्वद टक्के वेळा कारण गोठ्यात बांधलेलं असतं. म्हैस सोडून माणूस येत नाही, आणि का यावं? दुधावर घर चालतं त्याचं. "सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे" या वाक्यात म्हशीचं नाव कुठं आहे? "जनावरं अमक्या मैदानावर, वैरण तिथं मिळेल, डॉक्टर दोन वेळा येणार, घरटी एक माणूस जनावरांपाशी राहू शकतो" एवढं सांगितलं की ट्रॉली भरायला लागतात. आणि हे सांगण्याआधी वैरण खरंच आलीय का बघा.

धोक्याचं उदाहरण द्यायचंच तर लपवू नका: ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढताना बोट उलटली. शेवटपर्यंत थांबलं की बोटीवर सगळं येतं, हे त्यातून सांगता येतं. पण गेलेल्या माणसांचं नाव काढताना आवाज खाली हवा, दम दिल्यासारखा नको.

९. शाळेत केंद्र आहे. पालक विचारतात, शाळा कधी सुरू?

तारीख माहीत नसेल तर तारीख देऊ नका, अट द्या: "पाणी ४० फुटांखाली आलं की दोन दिवसांत वर्ग मोकळे, एक दिवस धुणं-फवारणी, मग शाळा." पालकांच्या ग्रुपवर मुख्याध्यापकांनी लिहावं, नगरसेवकानं नाही. आणि 'पूरग्रस्तांमुळे शाळा बंद' ही पाटी गेटवर कदापि नको. एका शाळेनं लावली होती. त्या केंद्रातली चार पोरं त्याच शाळेत शिकत होती.

१०. शेजारची घरं कुरकुर करतात: गोंगाट, कचरा, चोऱ्या.

पहिल्या दोन्ही तक्रारी बहुतेक वेळा खऱ्या असतात. तीनशे माणसं आली की कचरा होतो. घंटागाडीची एक फेरी वाढवा आणि ती वाढवल्याचं शेजाऱ्यांना सांगा. शक्य असेल तर पहिल्याच दिवशी शेजारच्या वीस-पंचवीस घरांत जाऊन या. आम्ही २०२१ ला गेलो, तर तिसऱ्या घरातल्या वहिनींनी कुकर काढून दिला आणि चौथ्या घरातल्या काकांनी पार्किंगवरून अर्धा तास ऐकवलं. दोघंही नंतर रोज यायचे.

चोरीची गोष्ट वेगळी. 'केंद्रातले लोक चोऱ्या करतात' असं कुणी म्हटलं तर एकच विचारा, पोलिसांत दिली का? दिली असेल तर पोलीस बघतील. नसेल तर ती अफवा, पुढचा प्रश्न बघा.

११. 'धरण फुटलं' असा मेसेज फिरतोय. खोडून काढताना तोच परत पसरतो. काय करायचं?

अफवा पुन्हा अक्षरशः लिहू नका. खरं काय ते आधी, अफवेचा उल्लेख एका ओळीत नंतर: "राधानगरीचे चार दरवाजे उघडे आहेत, विसर्ग इतका, धरण सुरक्षित. वेगळं काही ऐकलं तर १०७७ वर विचारा." १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्ष, तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. फिरता मेसेज लाल फुली मारूनसुद्धा टाकू नका, फुली बघायला कुणी थांबत नाही.

खोटा इशारा देऊन घबराट पसरवणाऱ्याला आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हे सांगा, पण पहिल्या वाक्यात नको. गल्लीतल्या बहुतेकांनी मेसेज काळजीनंच पुढं ढकललेला असतो.

१२. आमच्या नळाला पाणी नाही आणि केंद्रात टँकर जातोय, म्हणून शहरातले लोक चिडतात.

हा कोल्हापूरचा खास पेच. पूर आला की पिण्याचं पाणी जायचं. २०१९ ला आणि २०२१ ला बालिंगा, शिंगणापूरची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहर कोरडं पडलं. ज्यांच्या घरात पुराचा थेंब नव्हता तेही घागरी घेऊन रस्त्यावर. म्हणजे यजमान आणि पाहुणा एकाच रांगेत. इतर शहरांत 'आपण देतो, ते घेतात' असं असेल. इथं सगळेच घेणारे.

तेव्हा केंद्राचा टँकर लपूनछपून रात्री पाठवू नका. वेळापत्रक एकच काढा आणि त्यात केंद्रं आणि गल्ल्या दोन्ही लिहा. केंद्राला किती लिटर, कशाच्या हिशोबानं (प्रश्न ४ मधले निकष), आणि तुमच्या गल्लीला कधी. २०२१ ला एका चौकात टँकर अडवला होता. ड्रायव्हरच्या हातात वेळापत्रकाचा कागद होता. पुढं उभ्या असलेल्या एका दादांनी तो मोठ्यानं वाचला, आपल्या गल्लीसमोर दुपारी तीन लिहिलेलं बघितलं, आणि पोरांना म्हणाले, "सोडा रे, तीनला येतोय." तीनला आला असता तर गोष्ट इथंच संपली असती. साडेपाचला आला. पण त्या पोरांनी मग अडवला नाही, फोन केला.

१३. जेवणावरून तक्रारी येतात, "रोज खिचडीच". यावर काय बोलावं?

"मिळतंय ते खा" हे सोडून काहीही. चार दिवस खिचडी खाल्लेल्या कोल्हापूरच्या माणसाला भाकरी आठवणारच. भाकरी थापायला केंद्रातल्याच बायका तयार असतात, फक्त त्यांना पीठ आणि चूल द्या, आणि विचारा. आमच्याकडं पाचव्या दिवशी झुणका-भाकर झाली, तक्रारी थांबल्या. लहान मुलांचं दूध, मधुमेहवाल्यांचं जेवण, उपवास ही मात्र तक्रार नाही, गरज आहे. ती वेगळी नोंदवा.

१४. नको ती मदत येते, जुन्या कपड्यांचे ढीग. 'नको' म्हटलं तर लोक दुखावतात.

नको म्हणण्याआधी काय हवं ते सांगा. रोज सकाळी एक यादी: "आज हवं: चादरी ६०, फिनेल, डासांची अगरबत्ती, पॅड, खराटे. आज पुरे झालं: बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. कपडे फक्त नवे." तारखेशिवाय यादी टाकू नका, नाहीतर 'चादरी हव्यात' हा मेसेज दिवाळीपर्यंत फिरतो आणि दिवाळीपर्यंत चादरी येतात.

१५. सानुग्रह अनुदान किती, कधी? लोक आम्हालाच विचारतात.

आकडा तुम्ही ठरवत नसाल तर आकडा सांगू नका. "सरकार मदत करेल, मी पाठपुरावा करतो" हेही नको, कारण लोकांच्या कानात फक्त 'करेल' राहतं. सांगायचं ते एवढं: पंचनामा कोण करणार, कधी येणार, तोवर काय जपून ठेवायचं. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा फोटो, भिजलेल्या सामानाचा फोटो, आधार आणि बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स. पंचनाम्याआधी घर धुतलं तर काय, हा प्रश्न हमखास येतो. फोटो काढून धुवा, चिखलात लेकरं ठेवून कुणी तलाठ्याची वाट बघू नये. मात्र तुमच्या तलाठ्याकडून हे आधी वदवून घ्या.

नियम जसाच्या तसा वाचून दाखवण्यातही धोका आहे. २०१९ ला मोफत धान्याच्या आदेशात दोन दिवसांपेक्षा जास्त काळ घर पाण्यात असल्याची अट होती. ती जुन्या निकषांतून आली होती, पण छातीभर पाण्यातून आलेल्या माणसाला 'दोन दिवस बुडलात का' असं विचारल्यासारखं झालं आणि राज्यभर भडका उडाला. अट असेल तर कुणाला लागू, कुणाला नाही, आणि बदलून मागितली आहे का, हे त्याच दमात सांगा.

१६. मदतीच्या पिशवीवर नाव, फोटो टाकला तर काय बिघडलं? काम तर आम्हीच करतो.

२०१९ ला धान्याच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांचे फोटो चिकटवलेले आणि बोटीतले हसरे सेल्फी महाराष्ट्रानं पाहिले. धान्य किती वाटलं ते कुणाला आठवत नाही, स्टिकर आठवतं.

केंद्रातले फोटोही जपून. झोपलेल्या बायका, कपडे वाळत घातलेले, मुलांचे चेहरे, हातात ताट घेतलेली म्हातारी माणसं, हे नाही. फोटो हवाच असेल तर विचारून, आणि काम करणाऱ्या हातांचा. नावांची यादी नातेवाइकांना सापडावी म्हणून गेटवर लावता तेव्हा त्यावर आधार नंबर आणि मोबाईल नंबर दिसता कामा नयेत. नाव, गाव, खोली एवढं पुरे.

१७. "आपल्याच लोकांना पुरत नाही, बाहेरच्यांना कशाला?" असं सभेत कुणी म्हणालं तर?

शहरात हा प्रश्न बहुतेक हद्दवाढीच्या, म्हणजे आसपासची गावं महापालिकेत घेण्याच्या, अंगानं येतो: "हद्दवाढीला विरोध करताना आम्ही नको, आता बुडल्यावर आमच्या शाळा हव्यात?" टाळ्या मिळतात या वाक्याला. मी ऐकल्यात. पण हे वाक्य पुढाऱ्याच्या तोंडून गेलं की त्या गावातला माणूस ते पुढची वीस वर्षं विसरत नाही, आणि हद्दवाढ तर होतच नाही.

उत्तर साधं ठेवा. शहराला दूध आणि भाजी याच गावांतून येते, निम्म्या घरांचे पाहुणे तिथं आहेत. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला तेव्हा शहराला कळलंच की आपण कुणाच्या जिवावर जेवतो. शिवाय कायदाही आहे: मदत देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यावरून भेद करता येत नाही, आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ६१. 'बाहेरचे' म्हणून शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतले यूपी-बिहारचे कामगार समोर असतील तर त्यांना हिंदीतून फळा लिहून द्या. सीमाभागातून आलेल्यांना कन्नड येणारा माणूस इथं शोधावा लागत नाही.

१८. पाहुण्यांकडं राहिलेले, भाडेकरू, कागद नसलेले... यांना कसं सांगायचं? ते केंद्रात नसतातच.

२०१९ ला जिल्ह्यात दोन लाखांहून जास्त लोक घराबाहेर पडले आणि त्यातले पुष्कळ जण मेव्हण्याकडं, बहिणीकडं, मामाकडं गेले. आपल्याकडं केंद्रात जाणं ही शेवटची पायरी असते. ही माणसं यादीत नसतात म्हणून त्यांच्यापर्यंत सूचना जात नाहीत, आणि त्यांना ठेवून घेणाऱ्या घराचा विचार तर कुणीच करत नाही. चार माणसांच्या घरात अकरा झाली की गॅस महिन्याऐवजी बारा दिवसांत संपतो.

घोषणेत स्पष्ट म्हणा: "केंद्रात नसलात तरी नोंद करा, वॉर्ड ऑफिसला, घरमालकाच्या आधार कार्डावर नाही, तुमच्या स्वतःच्या." भाडेकरूंना वाटतं मदत मालकालाच. कागद वाहून गेलेल्यांना वाटतं आपण संपलोच. दोघांना आधी 'या' म्हणा, कोणता पुरावा चालेल ते टेबलावर बघू.

१९. पत्रकार कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाबद्दल विचारतात.

केंद्राच्या दारात अलमट्टीवर बोलू नका. २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीनं काय म्हटलं, उंची वाढवली तर काय, यावर कोल्हापूर-सांगलीत दोन मतं आहेत आणि दोन्ही मोठ्यानं मांडली जातात; त्यासाठी वेगळी जागा, वेगळा दिवस. "आत्ता या २४० लोकांबद्दल विचारा" म्हटलं की चांगले पत्रकार ते विचारतात.

२०. आम्ही चुकीची माहिती दिली. आता?

त्याच माइकवरून, त्याच माणसानं, त्याच दिवशी. "सकाळी मी नऊ म्हणालो, ते चुकलं, बारा आहे." कारण एका वाक्यात. 'गैरसमज झाला' म्हणू नका. गैरसमज लोकांचा होतो, चूक आपली असते.

२१. पाणी उतरलं. केंद्र बंद करताना काय सांगायचं?

इथं सगळे घाई करतात, कारण गणपती तोंडावर असतात आणि शाळेला वर्ग हवे असतात. 'उद्या दुपारी बारापर्यंत केंद्र रिकामे करावे' अशी नोटीस लावून पुढं गेलेले पाहिलेत. पाणी उतरलं म्हणजे घर तयार झालं असं नाही. गल्लीत वीज आली का, मीटर भिजलंय तर कुणाला बोलवायचं, विहिरीत औषध टाकलं का, चिखलात साप निघतायत तर सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, सर्पदंशावरचं औषध आहे का, भिंतीला तडा गेलाय तर आत झोपायचं की नाही. या प्रत्येकाचं उत्तर गल्लीनिहाय हवं. ज्यांची घरं पडली त्यांना 'तुमचं नंतर बघू' म्हणून सगळ्यांबरोबर बाहेर काढू नका. त्यांच्यासाठी कुठलं केंद्र किती दिवस चालू राहणार ते नोटिशीच्या पहिल्या ओळीत घ्या.

२०२१ ला आमच्या शाळेत शेवटी तीन कुटुंबं उरली होती. हॉल धुऊन झाला होता, बाकं परत लावायला पोरं आली होती. त्यातल्या एका ताईंनी विचारलं, "आता फळ्यावर लिवणार न्हाईसा?" मी हॉलमधला फळा पुसला आणि सातवी ब च्या वर्गात, ती तीन कुटुंबं होती तिथं, लिहिलं: पाणी सकाळी ७, नाश्ता ८, पंचनामा आज दुपारी ३ ला, सोबत मी येतो.